बद दगड

रेणापूरच्या खाली मांजरा वळते तिथं,
वाळूवाल्यांनी खरवडून सोडलेल्या खड्ड्यात
आमचा तंबू. दोन हजार एकाहत्तरचा एप्रिल,
सावलीतही सत्तेचाळीस.

टेबलावर दगड: काळा, मुठीहून थोडा मोठा,
एका अंगाला धार,
दुसऱ्या अंगाला अजून नुसताच दगड.
वय तीन लाख वर्षं, वीस हजार इकडे किंवा तिकडे.
या 'इकडे किंवा तिकडे'मध्ये
आपली सगळी गावं, सगळ्या भाषा, सगळी भांडणं
मावून वर जागा उरते.

यंत्र टवका टवका वाचतं.
कुठला घाव आधी, कुठला मागून,
जोर किती, अंगठा कुठं टेकला होता.
मग ते सगळं मोज्यात भरतं
आणि मोजा आपला हात चालवतो.

बिलोलीकर मॅडमनी आधी मलाच घालायला लावला.
मी उजवी. ती डावी.
'ती' कशावरून, विचारू नका;
अहवालात मी 'घडवणारी व्यक्ती' लिहिलं
आणि व्यक्ती मराठीत बाई निघाली,
एवढाच पुरावा.

माझा डावा हात,
ज्यानं आयुष्यात धड कुलूप उघडलं नव्हतं,
उचलला गेला.
ठक्.
ठक्.
दगड जरा फिरवून, ठक्.
कुठं म्हणून घाई नाही.
आणि चाळिसाव्या घावाला
थांबला.

पुढं काहीच नाही. फक्त एक ओरखडा,
घावाचा नव्हे, पडल्याचा;
नऊ हात लांब, तिरपा.

का थांबली?
पुण्याहून आलेला पोरगा म्हणाला, वाघ.
कुणी म्हणालं पूर, कुणी मरण.
मॅडमनी लिहिलं 'अर्पण',
पुढं प्रश्नचिन्ह, मग तेही खोडलं.
तीन दिवस आम्ही त्या थांबण्याला
देव पुरवत होतो.

चाळणी धरायला यंकम्मा यायची,
वडारवाड्यातली; तिच्या घरानं
तीन तालुक्यांची जाती टाकलेली,
गिरण्या यायच्या आधी, आणि त्या बंद पडल्यावर पुन्हा.
"मोजा नगं मला," ती म्हणाली, "दगड दे."
नियमात बसत नव्हतं. मी दिला.

तिनं तो कानाजवळ धरला,
नखानं वाजवला,
जसं रांजण घेताना वाजवतात.
"बद हाय."
म्हणजे?
"आत चिरलाय, माय. नाद येईना.
हे धा घावात कळाया पायजे.
हिला चाळीस लागले. शिकाऊ असंल."
मग दगड परत देत,
"वैतागून फेकला असंल. मी बी फेकते.
माझा बा तर शिवी देऊनच फेकायचा."

आम्ही स्कॅन पुन्हा उघडला.
होती चीर. केसाहून बारीक.
यंत्रानं ती पहिल्याच दिवशी पाहिली होती
आणि 'नंतरची झीज' म्हणून
बाजूला टाकली होती.

संध्याकाळी ओरखड्यावरून उलटा हिशोब करून
फेकणंही मोज्यात भरलं.
मी हात घातला.
एक ते चाळीस, तोच संथपणा,
आणि मग खांदा असा काही सुटला
की माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं
ते यंत्रात कुणीच भरलं नव्हतं.
पुण्याचा पोरगा लाजला.
यंकम्मा चाळणी टेकवून हसली:
"हां. आता बराबर."

तीन लाख वर्षं तो दगड तिथंच होता
जिथं एकीला त्याचा कंटाळा आला.

अहवालात 'अर्पण'च्या जागी काय लिहावं
यावर मॅडमचा अजून फोन येतो.
मी बाजारात असते बऱ्याचदा,
टरबुजं निवडत,
डाव्या हातानं वाजवून.